टोमॅटोची लाली : वाणसुधारणा आणि पोषणमूल्य

काही महिन्यांपूर्वी माझ्याकडे नेहमी येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी रक्तदाब तपासून झाल्यावर खिशातून कॅप्सूलची एक पट्टी काढून टेबलावर ठेवली. लायकोपीन, सोबत जस्त, सेलेनियम आणि चार-दोन जीवनसत्त्वे. कोणी लिहून दिली, असे विचारता कळले की कोणीच नाही. मुलाने औषधाच्या दुकानातून आणून दिली होती. मग त्यांनी मनातले विचारले : "डॉक्टरसाहेब, हे लायकोपीन म्हणजे टमाट्यातलंच ना? मग रोज दोन टमाटे खाल्ले तर ही पट्टी बंद करून चालेल का? आणि हल्ली जास्त लायकोपीनचे टमाटे निघालेत म्हणतात, ते आपल्या बेळगावच्या बाजारात कुठे मिळतात?"

एका दमात तीन प्रश्न. पहिल्याचे उत्तर एका शब्दात देता आले. उरलेल्या दोहोंसाठी मात्र त्यांना पुढच्या भेटीपर्यंत थांबवून मला थोडे वाचन करावे लागले. त्या वाचनातून हाती लागलेली माहिती आपल्या वैद्यकबंधूंना आणि वाचकांना रोचक वाटेल, अशा समजुतीने ती येथे मांडत आहे.

आधी टोमॅटोत असते काय ते पाहू. शंभर ग्रॅम पिकलेल्या लाल टोमॅटोत सुमारे ९४ ग्रॅम पाणीच असते. उष्मांक जेमतेम १८. क जीवनसत्त्व सुमारे १४ मिलिग्रॅम, पोटॅशियम सुमारे २३७ मिलिग्रॅम, बीटा-कॅरोटीन अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत आणि लायकोपीन साधारण अडीच ते तीन मिलिग्रॅम. क जीवनसत्त्वाच्या बाबतीत पेरूशी टोमॅटोची तुलनाच होऊ शकत नाही. टोमॅटोचे महत्त्व निराळ्या कारणाने आहे. तो बारा महिने, गरिबाच्या आणि श्रीमंताच्या भांड्यात सारखाच पडतो. आणि लायकोपीन देणारे दुसरे पदार्थ आपल्या आहारात फारसे नाहीत. कलिंगड, तांबड्या गराची पपई, गुलाबी पेरू, इतकेच.

लायकोपीन हा चाळीस कर्बाणूंचा लांब, सरळ रेणू आहे. त्यातील एकाआड एक आलेल्या अकरा दुहेरी बंधांमुळे त्याला लाल रंग येतो, आणि त्याच बंधांमुळे तो ऑक्सिजनच्या उत्तेजित रूपाला परीक्षानळीत झपाट्याने शांत करतो. 'परीक्षानळीत' हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे त्याची गरज पडणार आहे. या रेणूची दोन्ही टोके वळून त्यांची कडी झाली की त्याचेच बीटा-कॅरोटीन होते. बीटा-कॅरोटीनपासून आपले शरीर अ जीवनसत्त्व बनवते; लायकोपीनपासून बनवू शकत नाही, कारण त्याच्या टोकांना कडी नसते. फळाच्या पेशीत हे दोन्ही पदार्थ एकाच साखळीतून निघतात, त्यामुळे एकाचे प्रमाण वाढवावे तर दुसऱ्याचे बहुधा घटते. 'अधिक पौष्टिक टोमॅटो' म्हणताना नेमके कोणते पोषण अधिक, हे विचारावे लागते ते यासाठी.

याचे जुने उदाहरण १९५८ सालचे आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या टोम्स आणि क्वॅकनबुश या संशोधकांनी 'कॅरो-रेड' नावाचा वाण प्रसिद्ध केला. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात उगवणाऱ्या, केसाळ पानांच्या एका वन्य टोमॅटोशी संकर करून त्यातील एकच जनुक त्यांनी लागवडीच्या टोमॅटोत आणला होता. हा जनुक लायकोपीनची टोके वळवण्याचे काम फळातही जोमाने करतो. परिणामी अ जीवनसत्त्वाचा पुरवठा नेहमीच्या टोमॅटोच्या सुमारे दहापट झाला; पण फळ लाल न राहता नारिंगी झाले आणि ग्राहकांनी ते स्वीकारले नाही. याच्या उलट 'ओल्ड गोल्ड क्रिमसन' नावाचे एक उत्परिवर्तन पैदासकारांना माहीत होते. त्यात फळ गडद किरमिजी होते, लायकोपीन वाढते आणि बीटा-कॅरोटीन घटते. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील हिर्शबर्ग यांच्या गटाने २००० साली दाखवले की हे दोन निरनिराळे जनुक नसून एकाच जनुकाची दोन रूपे आहेत : कॅरो-रेडमध्ये तो अधिक काम करतो, क्रिमसनमध्ये तो मोडलेला आहे. बाजारात किरमिजी रंगाला मान मिळाला. अ जीवनसत्त्वाची उणीव असलेली मुले ज्या देशात आजही आढळतात, तेथे मान नारिंगीला मिळायला हवा होता असे मला वाटते. पण डोळ्यांपुढे कोणाचे चालत नाही.

डोळ्यांच्या आवडीने झालेले दुसरे नुकसान याहून मोठे आहे आणि ते कित्येक दशके कोणाच्या लक्षातही आले नव्हते. जुन्या गावठी टोमॅटोचे कच्चे फळ ज्यांनी पाहिले असेल त्यांना आठवेल की देठाजवळचा त्याचा खांदा गर्द हिरवा आणि बुडाचा भाग फिकट असे. पिकतानाही ते एकसारखे पिकत नसे. खांदा मागे राही. फळ केव्हा तोडावे हे त्यामुळे कळत नसे आणि डबाबंद करणाऱ्या कारखान्यांनाही ते अडचणीचे होई. म्हणून विसाव्या शतकात पैदासकारांनी सर्वत्र फिकट, एकसारखे हिरवे फळ देणारी झाडे निवडली. सुमारे सत्तर वर्षे ही निवड चालू राहिली. २०१२ साली 'सायन्स' या नियतकालिकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील ॲन पॉवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या निवडीमागचा जनुक शोधून काढला. तो फळातील हरितलवके वाढवणारा, त्यांची संख्या आणि घडण ठरवणारा नियंत्रक जनुक निघाला. एकसारख्या पिकणाऱ्या वाणांत तो निकामी झालेला होता. फळाला बहुतेक साखर पानांकडून मिळते हे खरे, पण काही वाटा फळ स्वतःच्या हरितलवकांतून कमावते. आणि पिकताना हीच हरितलवके बदलून रंगद्रव्यांची कोठारे होतात. कोठारेच कमी झाल्यावर त्यांत साठणार काय? हा जनुक कार्यरत करून पाहिल्यावर फळातील साखर आणि लायकोपीन दोन्ही वाढली. हल्लीच्या टोमॅटोला पूर्वीची चव नाही, ही घरोघरीच्या वडीलधाऱ्यांची तक्रार आपण स्मरणरंजन म्हणून सोडून देत होतो. ती निदान अंशतः वस्तुस्थिती होती.

चव आणि पोषण यांचा संबंध इतकाच नाही. टोमॅटोचा जो विशिष्ट सुवास आपण ओळखतो, त्यातील काही वायुरूप द्रव्ये कॅरोटिनॉइडे तुटूनच तयार होतात. म्हणजे जीभ आणि नाक ही टोमॅटोच्या बाबतीत थोडीफार मोजणीची साधने आहेत. फक्त बाजारात त्यांना मत नाही.

हरितलवके वाढवण्याचा आणखी एक मार्ग निसर्गाने फार पूर्वी दाखवला होता. १९१७ साली अमेरिकेतील न्यू जर्सीमध्ये कॅम्पबेल या सूप बनविणाऱ्या कंपनीच्या शेतात एक आपोआप झालेले उत्परिवर्तन आढळले. त्याची फळे कच्ची असताना अतिशय गर्द हिरवी आणि पिकल्यावर अतिशय लाल असत. त्याला पुढे 'हाय पिगमेंट' असे नाव पडले. अशी आणखी काही उत्परिवर्तने नंतर सापडली. त्यांच्या फळांत केवळ लायकोपीनच नव्हे, तर क जीवनसत्त्व आणि फ्लॅव्होनॉइड ही द्रव्येही वाढलेली असतात. एका दगडात इतके पक्षी मारणारा जनुक हाती असताना सगळे टोमॅटो तसेच का झाले नाहीत, असा प्रश्न साहजिकच पडतो. कारण असे की ही झाडे उगवायला मंद, खोडाने ठिसूळ, वाढीने खुजी आणि उत्पन्नाने कमी असतात.

याचा उलगडा १९९९ ते २००४ या काळात झाला. हे जनुक रंगद्रव्य बनवणारे नाहीतच. प्रकाशाला झाडाने किती प्रतिसाद द्यायचा, यावर लगाम ठेवणारी प्रथिने ते बनवतात. लगाम सैल झाला की झाड साध्या उजेडातही प्रखर उन्हात असल्यासारखे वागते आणि स्वतःच्या बचावासाठी रंगद्रव्ये साठवते. वैद्यकबंधूंसाठी एक गमतीची गोष्ट अशी की यातील एक जनुक, डीडीबी-१, माणसातही आहे. अतिनील किरणांनी बिघडलेला डीएनए ओळखणाऱ्या जोडीतील तो एक भागीदार. त्याच्या जोडीदारात, डीडीबी-२ मध्ये, दोष असला की झीरोडर्मा पिगमेंटोसमचा 'ई' प्रकार होतो. टोमॅटोची लाली आणि त्वचारोगतज्ज्ञाचा दुर्मिळ रुग्ण यांचा असा दूरचा का होईना, पण खरा नातेसंबंध आहे.

लगाम सगळ्या झाडाचा सैल करायचा नाही, केवळ फळाचा आणि तोही पिकण्याच्या सुमारास करायचा, ही कल्पना मग ओघानेच आली. इटलीतील नेपल्स येथील क्रिस बोलर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली जनुकीय तंत्राने ती प्रत्यक्षात आणली : फळात कॅरोटिनॉइडे आणि फ्लॅव्होनॉइडे वाढली, झाडाची वाढ मात्र निकोप राहिली. पारंपरिक पैदासकारांनी दुसरी वाट धरली. या उत्परिवर्तनांचा सौम्य प्रकार घ्यायचा आणि दणकट वाणाशी संकर करून पिढ्यानुपिढ्या निवड करत राहायची. अर्क काढण्यासाठी लावले जाणारे, लायकोपीनने समृद्ध असे काही टोमॅटो अशा प्रयत्नांतून आले आहेत.

आता फळातून रक्ताकडे येऊ. वाणाच्या जाहिरातीत शंभर ग्रॅम फळातील मिलिग्रॅम सांगितलेले असतात. आतड्यातून किती शोषले जाते ते सांगत नाहीत. १९९२ साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथील श्टाल आणि झीस यांनी टोमॅटोचा रस एक टक्का मक्याच्या तेलासह तासभर उकळून लोकांना प्यायला दिला. रक्तातील लायकोपीन वाढले. तोच रस न उकळता दिला, तेव्हा वाढले नाही. लायकोपीन स्निग्धपदार्थात विरघळते आणि कच्च्या फळात ते स्फटिकरूपाने पेशींत अडकलेले असते. पेशीभित्ती फुटल्याखेरीज आणि तेल मिळाल्याखेरीज ते बाहेर येत नाही. आपल्याकडे फोडणीत टोमॅटो परततात, त्याचे सार करतात, खोबरे घालून आमटी करतात. कोशिंबिरीपेक्षा लायकोपीन मिळवण्याच्या दृष्टीने ही रीत सरस आहे. क जीवनसत्त्व मात्र त्याच उकळण्याने घटते. पुन्हा तोच हिशेब : एक वाढले की दुसरे कमी.

याहून चकित करणारा निष्कर्ष 'टँजरिन' नावाच्या नारिंगी टोमॅटोचा आहे. हा कॅरो-रेडसारखा बीटा-कॅरोटीनमुळे नारिंगी नाही. त्यात लायकोपीनच असते, पण रेणू सरळ नसून वाकडा, रसायनशास्त्राच्या भाषेत 'सिस' असतो. त्याला सरळ करणारे विकर या वाणात बिघडलेले असते. सरळ रेणू एकमेकांना चिकटून स्फटिक बनवतात, वाकडे तसे करू शकत नाहीत, म्हणून ते आतड्यातील स्निग्ध थेंबांत सहज सामावतात. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात २०१५ साली टँजरिनच्या रसाची तुलना लाल टोमॅटोच्या रसाशी केली असता शोषण सुमारे साडेआठपट आढळले. फळातले लायकोपीन न वाढवता रक्तातले वाढवण्याचा हा मार्ग आहे. आणि त्यासाठी फळ कमी लाल हवे! गडद लाल म्हणजे अधिक गुणकारी, हा आपला समज येथे पार उलटा होतो.

जांभळ्या टोमॅटोची गोष्ट वर्तमानपत्रांतून अनेकांनी वाचली असेल. इंग्लंडमधील नॉरिच येथील जॉन इन्स केंद्रात कॅथी मार्टिन आणि सहकाऱ्यांनी स्नॅपड्रॅगन या फुलझाडाचे दोन जनुक टोमॅटोत घातले, त्यामुळे साल आणि गर दोन्हींत अँथोसायनिन, म्हणजे जांभळाला रंग देणारे द्रव्य, तयार होऊ लागले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात, कर्करोग लवकर व्हावा अशा जनुकीय दोषाचे उंदीर नेहमीच्या खाद्यावर सरासरी १४२ दिवस जगले, जांभळ्या टोमॅटोची पूड मिसळलेल्या खाद्यावर १८२ दिवस. साध्या लाल टोमॅटोच्या पुडीने उल्लेखनीय फरक पडला नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०२२ साली या वाणाला मोकळीक दिली आणि २०२४ पासून तेथे घरच्या बागेसाठी त्याचे बी विकले जाऊ लागले. भारतात जनुकांतरित टोमॅटोच्या लागवडीस परवानगी नाही. केवळ संकराने जांभळेपणा आणण्याचे प्रयत्नही झाले असून वन्य जातींतील जनुक घेऊन ओरेगन राज्य विद्यापीठाने २०१२ साली 'इंडिगो रोज' हा वाण दिला. पण त्यात रंग सालीपुरताच, आणि तोही जेथे ऊन लागते तेवढ्याच भागावर येतो.

उंदरांचे चाळीस दिवस आणि माणसाचे आरोग्य यांत मोठी दरी आहे, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असावे? म्हणून मघाचा 'परीक्षानळीत' हा शब्द आता पुन्हा घेतो. मुक्त मूलकांना शांत करणारे द्रव्य पोटात घातले की रोग टळतील, हा तर्क सरळ होता. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर तो तपासला गेला. रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. हे १९९४ साली प्रसिद्ध झाले. १९९६ साली अमेरिकेतील 'कॅरेट' ही चाचणी त्याच कारणाने मुदतीआधी थांबवावी लागली. ज्या कॅरोटिनॉइडाने समृद्ध भाज्या खाणाऱ्यांत हा कर्करोग कमी दिसत होता, तेच वेगळे काढून गोळीतून दिल्यावर अपाय झाला. २०१२ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचा आपला तक्ताच काढून टाकला, कारण परीक्षानळीतील त्या आकड्यांचा शरीरातील परिणामांशी संबंध सिद्ध होत नव्हता आणि जाहिरातदार त्यांचा गैरवापर करत होते.

लायकोपीनबाबत पुरावा कुठे उभा आहे? १९९५ साली हार्वर्डच्या जोव्हानुची यांच्या गटाने सुमारे ४८ हजार पुरुषांच्या पाहणीतून दाखवले की आठवड्याला दहापेक्षा अधिक वेळा टोमॅटोचे पदार्थ खाणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग ३५ टक्क्यांनी कमी होता. टोमॅटोचे आजचे वैद्यकीय माहात्म्य बरेचसे येथून सुरू झाले. पण ही पाहणी होती, चाचणी नव्हे. २००५ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सर्व पुरावा तपासून लायकोपीनने कर्करोग टळतो हा दावा छापण्यास नकार दिला. टोमॅटोबाबतही फार तर 'अत्यंत मर्यादित आणि प्राथमिक' पुरावा असल्याचे म्हणण्याची मुभा दिली.

एक अभ्यास आपल्या गावचा आहे. गुटखा-सुपारीने तोंड आखडण्याचा विकार, ओरल सबम्यूकस फायब्रोसिस, आपल्या भागात दंतवैद्यांना नित्य दिसतो. बेळगावच्या केएलई संस्थेच्या दंतमहाविद्यालयातील संशोधकांनी ५८ रुग्णांवर दोन महिने केलेली चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. रोज १६ मिलिग्रॅम लायकोपीन घेणाऱ्यांचे तोंड सरासरी ३.४ मिलिमीटर, लायकोपीनबरोबर स्टेरॉइडची इंजेक्शने घेणाऱ्यांचे ४.६ मिलिमीटर अधिक उघडू लागले; प्लासिबो गटात फरक शून्य. संख्या लहान, काळ थोडा, पण हे औषध म्हणून, ठराविक रोगावर, ठराविक मात्रेत वापरलेले लायकोपीन आहे. 'सर्वसाधारण प्रकृतीसाठी' म्हणून दुकानातून आणलेल्या पट्टीला हा पुरावा लागू होत नाही. आणि १६ मिलिग्रॅम म्हणजे किती? ताजे टोमॅटो घेतले तर अर्ध्या किलोहून अधिक. आटवलेल्या टोमॅटोच्या घट्ट लगद्याचे चार-पाच चमचे.

राहिला तिसरा प्रश्न, बाजाराचा. आपल्याकडे या दिशेने काम झालेच नाही असे नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने वन्य, मण्याएवढ्या फळांच्या जातीशी संकर करून क जीवनसत्त्वाने समृद्ध 'पुसा रेड प्लम' दिला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या 'भाग्यश्री' वाणात लायकोपीन अधिक, गर भरपूर आणि बिया कमी असल्याने तो प्रक्रियेसाठी शिफारस केलेला आहे. २०१२ साली टोमॅटोची संपूर्ण जनुकसंहिता प्रसिद्ध झाली, तीत पाचव्या गुणसूत्राचे वाचन भारतीय प्रयोगशाळांनी केले होते. पण शेतकऱ्याला पैसे मिळतात ते वजनाचे आणि दूरच्या मंडईपर्यंत न फुटता पोचणाऱ्या जाड सालीचे. करपा आणि पाने मुरडणारा विषाणू यांच्यापुढे टिकणारे संकरित बी तो घेतो, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच घेतले असते. लायकोपीनचे वेगळे मोल देणारा ग्राहक पुढे आल्याशिवाय ही परिस्थिती बदलेल असे दिसत नाही. त्यात हवामानाची भर. तापमान तीस-बत्तीस अंशांपलीकडे गेले की फळात लायकोपीन बनणे मंदावते, बीटा-कॅरोटीन मात्र बनत राहते. मे महिन्यात सपाटीवरून येणारे टोमॅटो पिवळट-नारिंगी दिसतात ते यामुळे. एकच वाण जानेवारीत आणि मेमध्ये दोन निरनिराळ्या प्रतींचा निघतो. उन्हाळ्यातही लाल होणारा वाण मिळणे, हे आपल्या हवेत प्रयोगशाळेतील विक्रमी आकड्यापेक्षा अधिक उपयोगाचे ठरेल.

शिक्षकमहाशय पुढच्या खेपेला आले. बेळगावच्या बाजारात टोमॅटो वाणाच्या नावाने विकला जात नाही, तेव्हा जो लाल, पिकलेला आणि वासाचा मिळेल तो घ्यावा, असे मी सांगितले. पट्टी बंद करायला हरकत नव्हतीच. पण 'रोज दोन टमाटे' याला होकार देण्याआधी त्यांचा क्रिएटिनिन आणि पोटॅशियमचा अहवाल मागवला, कारण रक्तदाबासाठी ते टेल्मिसार्टन घेत होते, आणि मूत्रपिंड थकलेल्या माणसाला टोमॅटोचे लायकोपीन नव्हे, तर पोटॅशियम भोवते. आटवलेल्या लगद्यात तर ते शंभर ग्रॅमला एक ग्रॅमच्या घरात जाते. (मुतखड्याच्या भीतीने टोमॅटो सोडणारे मात्र बहुतेक उगाच सोडतात, त्यात ऑक्झलेट पालकाच्या मानाने अगदीच थोडे असते.) अहवाल ठीक आला. सार करा, फोडणी तेलाची किंवा तुपाची द्या, असे सांगितल्यावर ते हसले आणि म्हणाले, "आमच्याकडे रोज तेच होतं. मी ते औषध आहे असं समजत नव्हतो, इतकंच."